विश्वास आणि विचारपूस

गेल्या श्रावणात भुसावळहून मावसभावाचा फोन आला. ‘‘दादा, आईने गोळ्या बंद केल्यात. इन्सुलिनही घेत नाही. तुझं ऐकते ती. एकदा येऊन जा.’’

मावशीला मधुमेह जडून वीस वर्षे होऊन गेली आहेत. मावसा रेल्वेत होते. ते गेल्यानंतर मुलगा, सून, नातवंडे आणि बायबल एवढेच तिचे विश्व. मूळची साक्रीकडची, त्यामुळे इतकी वर्षे भुसावळात राहूनही तोंडात अहिराणीच. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण बायबल इतके वाचलेले की कुठला अध्याय कुठे आहे हे विचारायला आमच्या घरातली शिकलेली माणसेही तिच्याकडेच जात. धुळ्याहून एस.टी.ने जळगाव गाठले, तिथून गाडीने भुसावळ. दुपारी घरी पोहोचलो तर मावशी ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

कारण विचारले. महिनाभरापूर्वी एका प्रार्थनासभेला ती गेली होती. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी सांगितले की, ज्याचा देवावर पूर्ण भरवसा आहे त्याला औषधाची गरज उरत नाही. गोळी घेणे म्हणजे देवावर संशय घेणे. मावशीने घरी येऊन औषधांचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

‘‘मी आते गोया खात नही,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘मन्हा इस्वास शे.’’

मी शाळेत तीस वर्षे गणित शिकवले. समोरचा चुकला की खडू हातात घेऊन चूक दाखवायची, ही सवय जात नाही. मी तिला साखर म्हणजे काय, ती रक्तात वाढली की मूत्रपिंडाचे, डोळ्यांचे, पायांचे काय होते, हे सगळे ऐकवले. आवाजही चढला असावा. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, ‘‘तू शिकेल शे, म्हणून तुना इस्वास कमी शे.’’

मी हात हलवीत परत आलो. पुढच्या महिन्यात तिच्या उजव्या पायाला चपलेचा घट्टा पडला, त्याची जखम झाली, जखम चिघळली. जळगावच्या एका रुग्णालयात तिला हलवावे लागले. पाय वाचला, पण दोन बोटे काढावी लागली.

त्या दिवसांत रात्री तिच्या उशाशी बसलेलो असताना तिचे ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हते. शिकलेल्याचा विश्वास कमी, विचार करणाऱ्याचा विश्वास कच्चा, प्रश्न विचारणारा म्हणजे अर्धा नास्तिक. ही समजूत केवळ मावशीची नाही आणि केवळ आम्हा ख्रिस्ती लोकांचीही नाही. साप चावल्यावर दवाखान्याऐवजी भगताकडे नेणारी माणसे आपल्या सातपुड्याच्या कुशीत आहेत, तशी मोठ्या शहरांतही बुवांच्या पायाशी बसणारी पदवीधर माणसे आहेत. पण दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याआधी आपल्या घराचा केर काढावा, म्हणून मी माझ्या धर्माविषयीच बोलतो. ख्रिस्ती विश्वासात बुद्धीला जागा आहे की नाही? आणि बायबलचा अर्थ लावणे हा अधिकार आहे, की आगाऊपणा?

मावशीचा आधार काय होता, ते आधी सांगितले पाहिजे. नव्या करारात याकोबाचे एक पत्र आहे. आजारी माणसाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील, अशा आशयाचा मजकूर त्याच्या शेवटच्या अध्यायात येतो. उपदेशकांनी हाच भाग वाचला होता. मजकूर खरा आहे, त्यात शंका नाही. पण त्यात औषध सोडा असे कुठे म्हटले आहे? उलट त्यात तेल आहे. त्या काळी तेल हे जखमेवरचे औषध होते. येशूच्या दृष्टान्तातला तो चांगला शोमरोनी वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो आणि उतारशाळेत त्याच्या शुश्रूषेचे पैसेही भरतो. याकोबाच्या पत्रातले तेल औषध म्हणून आहे की अभिषेकाची खूण म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणताही अर्थ घेतला तरी वैद्याला दार बंद करा, असा अर्थ त्यातून निघत नाही. तो अर्थ उपदेशकांनी आपल्या पदरचा घातला होता.

मग बाकीचे बायबल काय सांगते? यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात हिज्किया राजाची गोष्ट आहे. राजा मरणाच्या दारात पडला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली आणि देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले. इतका मोठा चमत्कार, पण त्याच अध्यायात यशया सांगतो की अंजिरांचे पोटीस करून राजाच्या गळवावर बांधा. प्रार्थनाही आणि पोटीसही! पौल आपल्या तीमथ्य नावाच्या तरुण सहकाऱ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. केवळ प्रार्थना कर म्हणून सोडून देत नाही. पौलाचा सोबती लूक याला तर पत्रात प्रिय वैद्य म्हटले आहे, आणि एक शुभवर्तमान त्याच्याच नावाने ओळखले जाते.

एक वचन दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून वाचणे, ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे पाहणे, आणि मग त्याचा अर्थ ठरवणे, याला अर्थ लावणे म्हणतात. यात देवाचा अपमान कुठे आला? घरात आजोबांचे जुने पत्र सापडले तर आपण तारीख बघतो, कोणाला लिहिले ते बघतो, मागची-पुढची पाने जुळवतो. प्रेमाच्या माणसाचे पत्र आहे म्हणूनच इतकी काळजी घेतो.

याहून मोठा दाखला खुद्द येशूच्या आयुष्यात आहे, आणि तो मावशीच्या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतो. येशू रानात चाळीस दिवस उपाशी असताना सैतान त्याला भुलवायला येतो. तो त्याला मंदिराच्या कंगोऱ्यावर उभा करतो आणि म्हणतो की खाली उडी टाक; देवदूत तुला झेलतील असे शास्त्रात लिहिलेच आहे. हे वचन खरोखरच स्तोत्रांमध्ये आहे. सैतानाने पाठांतरात चूक केलेली नाही! येशू काय करतो? तो उडी मारत नाही. शास्त्रातलेच दुसरे वचन पुढे ठेवून तो सांगतो की देवाची परीक्षा पाहू नये. म्हणजे शास्त्रवचन सांगणारा प्रत्येक जण देवाच्या बाजूचाच असतो असे नाही, आणि वचनाचा अर्थ विचारणारा प्रत्येक जण देवाच्या विरुद्ध असतो असेही नाही. इन्सुलिन बंद करून देव झेलतो की नाही हे पाहणे, ही कंगोऱ्यावरची उडीच नव्हे काय?

येशूने आयुष्यभर अर्थच लावला, असे म्हटले तरी चालेल. शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी काम वर्ज्य. सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक माणूस होता. शब्बाथाच्या दिवशी त्याला बरे करावे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. नियमाच्या अक्षराला धरून बसलेले लोक टपून बसले होते. येशूने त्यांनाच विचारले की शब्बाथ भले करण्यासाठी की वाईट करण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी की घेण्यासाठी? आणि त्याने तो हात बरा केला. शिष्यांनी शब्बाथी कणसे मोडून खाल्ली तेव्हा त्याने दावीद राजाने भुकेच्या वेळी मंदिरातल्या पवित्र भाकरी खाल्ल्याचा दाखला दिला. वचनावर वचन ठेवून वाचायचे आणि माणसाच्या जिवाच्या बाजूने अर्थ लावायचा, ही त्याची रीत. औषध सोडायला सांगणाऱ्या उपदेशाला ही कसोटी लावली असती, तर मावशीची दोन बोटे आज जागेवर असती.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. त्याने मोशेच्या ग्रंथातली, देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याची आज्ञा सांगितली. मूळ हिब्रू आज्ञेत हृदय, जीव आणि शक्ती असे तीन शब्द आहेत. हिब्रू भाषेत हृदय हेच विचारांचेही ठिकाण, त्यामुळे बुद्धी वेगळी सांगण्याची गरज नव्हती. मार्कच्या शुभवर्तमानात ती आज्ञा ग्रीक भाषेत आली तेव्हा मात्र बुद्धी हा चौथा शब्द स्पष्टपणे घातलेला दिसतो. देवावर बुद्धीनेही प्रीती करायची आहे. बुद्धी चपलेसारखी देवळाच्या बाहेर काढून ठेवावी असे त्या आज्ञेत नाही.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. आपण ज्ञानेश्वरी डोक्यावर घेतो. ती काय आहे? गीतेवरची टीका. ‘भावार्थदीपिका’ या नावातच अर्थ आहे आणि दिवाही आहे. शके १२१२ मध्ये एका तरुणाने संस्कृत ग्रंथाचा अर्थ आपल्या लोकांच्या भाषेत लावला. पुढे तीनशे वर्षांनी त्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये चुकीचे पाठ शिरलेले पाहून संत एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. कुठला पाठ खरा, कुठला मागून घुसलेला, हे तपासताना नाथांचा विश्वास कमी झाला होता असे कोण म्हणेल? पाठ तपासणे हीच त्यांची सेवा होती. आज बायबलचे विद्वान जुन्या हिब्रू आणि ग्रीक हस्तलिखितांचे पाठ पडताळून पाहतात, तेव्हा तेही हेच काम करीत असतात.

शिवाय ज्याला आपण ‘मला अर्थबिर्थ काही नको, जे लिहिले आहे तेवढेच मानतो’ असे म्हणताना ऐकतो, त्याच्या हातात मराठी बायबल असते हे तो विसरतो. येशू अरामी बोलत होता. त्याची वचने ग्रीक भाषेत लिहिली गेली. ती मराठीत आली तेव्हा प्रत्येक शब्दाला कोणीतरी बसून मराठी प्रतिशब्द निवडला. निवडणे म्हणजे अर्थ लावणेच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या वाक्यात जो ग्रीक शब्द येतो तो ‘लोगोस’. मराठी भाषांतरकारांनी त्याला ‘शब्द’ म्हटले. ते चूक नाही. पण ग्रीक माणसाच्या कानाला त्याच शब्दात बोल, विचार आणि विवेक हे सगळे ऐकू येत असे. म्हणजे ज्या ख्रिस्ताची आपण भक्ती करतो, त्याला त्याच्या शिष्यपरंपरेने दिलेल्या एका नावातच विवेक आहे.

ही निवड करणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले. ख्रिस्ताची कथा आणि तिला पुराणाचा घाट. हाही एक अर्थच लावलेला होता. १८११ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. ग्रंथ सुबोध करायचा म्हणजे आधी स्वतःला त्याचा बोध करून घ्यायचा, हे त्यांच्या कामाकडे पाहून कळते.

परंतु या परंपरेत मला सर्वांत जवळची वाटते ती पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे यांच्यासारख्या, आधी काशीत शास्त्री असलेल्या विद्वानाच्या लेखनाचा तिच्या त्या निर्णयात वाटा होता. म्हणजे विचार करूनच ती ख्रिस्ती झाली. पण बाप्तिस्मा झाला म्हणून तिने विचार करणे थांबवले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा अलौकिक जन्म, चर्चचे अधिकार, या सगळ्यांवर तिने तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. तिला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. मला न कळणाऱ्या लॅटिनपेक्षा माझी संस्कृत का नको, असा तिचा सवाल होता. इथल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे जू घेण्यासाठी नव्हे, असे तिने १८८५ च्या एका पत्रात स्पष्ट कळवले. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपात काढली आहेत. ज्या बाईने आपल्या विश्वासासाठी स्वदेशातल्या लोकांचा रोष पत्करला, तिलाच परदेशातली धार्मिक माणसे गर्विष्ठ आणि हट्टी म्हणत होती, कारण ती विचारत होती.

आणि तिचा शेवट काय झाला? प्रश्न विचारून विचारून ती देवापासून दूर गेली का? मुळीच नाही. केडगावच्या मुक्ती सदनात तिने शेकडो निराधार बायकामुलींना आसरा दिला. साध्या बायकांना कळेल असे बायबल हवे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांशी झुंज घेत तिने संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी ती वारली, त्या अगोदर भाषांतराचे काम तिने संपवले होते. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मावशीसारख्या चौथी शिकलेल्या बाईने स्वतः वाचावे, स्वतः समजून घ्यावे, कोणा मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहू नये, यासाठी ही सारी धडपड होती.

जळगावहून भुसावळला गाडीने जाताना मध्ये भादली स्टेशन लागते. मावशीकडे जाताना तिथे नेहमीच मान खिडकीकडे वळते. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, ५ मे १९१८ रोजी याच भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले. त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली तीही १९०७ मध्ये जळगावच्याच कविसंमेलनात. खानदेशच्या या मुलाला ज्यांनी पोटच्या मुलासारखे घरात ठेवून घेतले ते अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. ठोंबरे त्या ख्रिस्ती घरात राहिले आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. कुणी कुणावर बळजबरी केली नाही. ज्यांचा विश्वास विचारातून आलेला असतो, त्यांना दुसऱ्याच्या विचारांची भीती वाटत नाही.

टिळकांचा विश्वास कसा आला? नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांनी तो एखाद्या पंडितासारखा, टिपणे काढीत वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायबलमध्ये याच तऱ्हेची एक गोष्ट आहे. रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्या इथिओपियाच्या एका अधिकाऱ्याला फिलिप्प नावाचा शिष्य भेटतो आणि वाचलेले समजते का, असे विचारतो. कोणी समजावून दिल्याशिवाय कसे समजणार, असे तो मोकळेपणाने सांगतो. फिलिप्प त्याला वाचणे सोड आणि नुसता विश्वास ठेव, असे म्हणत नाही. तो रथात चढून त्याच्याशेजारी बसतो.

लक्ष्मीबाईंची वाट तर याहून कठीण. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या पाच वर्षे वेगळ्या वाटेवर होत्या, सोवळेओवळे कडक पाळत होत्या. औपचारिक शिक्षण नावालाही नाही. राहुरीला असताना एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा काही फरक माणसामाणसात दिसला असता. पण जन्म, मरण, रक्तमांस तर सगळ्यांचे सारखेच. कोणा धर्मगुरूने त्यांना हे शिकवले नव्हते. घरात बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच्या डोक्याने हा निर्णय केला आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्न वर्ज्य मानायचे नाही असे ठरवले. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना तो प्रसंग आठवेल. बुद्धी वापरायला पदवी लागत नाही, हे लक्ष्मीबाईंइतके सोपे करून कोणी दाखवले नसेल.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा खडू घेऊन उभा राहिलो असे होईल. बुद्धी म्हणजे देव नव्हे. अर्थ लावणाऱ्यांनीही घोर चुका केल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गुलाम बाळगणारे आणि गुलामी मोडू पाहणारे, दोघेही बायबलचाच आधार देत. १६३३ मध्ये गॅलिलिओला ज्यांनी दोषी ठरवले तेही विद्वानच होते. ती चूक झाल्याचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये मान्य केले. शिकलेला माणूस आपल्या स्वार्थाला सोयीचा अर्थ काढण्यात अडाणी माणसापेक्षा अधिक तरबेज असतो. म्हणून एकट्याने अर्थ लावू नये, चार जणांत बसून लावावा. आणि तो दुबळ्याच्या मुळावर येत असेल तर पुन्हा तपासावा. बिरुया गावच्या लोकांची नव्या करारात थोरवी गायली आहे, ती एवढ्यासाठीच की त्यांनी पौलासारख्या मोठ्या माणसाचे ऐकूनसुद्धा ते खरे की खोटे हे रोज शास्त्रात पडताळून पाहिले.

शिवाय विश्वासात असे काही असते की तिथे बुद्धीचे बोट सुटते. रमाबाईच पाहा. १९०५ साली मुक्ती सदनात प्रार्थनेची जी लाट उसळली, बायका रडल्या, ओरडल्या, तासन्‌तास गुडघ्यांवर राहिल्या, ती लाट रमाबाईने अडवली नाही. पण त्याच वर्षांत तिच्या मेजावर हिब्रू कोशही उघडा होता. एका हाताला अश्रू आणि दुसऱ्या हाताला व्याकरण. या दोहोंत तिला भांडण दिसले नाही. मला वाटते, तेच खरे आहे. माझी आई गेली त्या रात्री मला कोणत्याही युक्तिवादाने धीर दिला नाही. मावशीने म्हटलेल्या एका गीताने दिला. हे मी विसरलो होतो, म्हणूनच त्या श्रावणात मी तिच्यावर ओरडलो.

ज्या श्रद्धेच्या नावाने मावशीचे औषध सुटले, त्याच श्रद्धेने या देशात किती दवाखाने उभे केले, हेही आठवावे. मिरजेचे डॉ. वानलेस, वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर ही नावे सर्वांना माहीत आहेत. आपल्या जुन्या पश्चिम खानदेशात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. या पट्ट्यातल्या आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्या आजारात औषध नियमाने आणि वर्षानुवर्षे घ्यावे लागते. अशा मुलखात ‘विश्वास असेल तर गोळी सोड’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवून जाते, आणि त्याची किंमत एखाद्या पाड्यावरची पोर मोजते. उपदेशक पुढच्या गावाला गेलेला असतो.

रुग्णालयातून घरी आल्यावर मावशीकडे मी पुन्हा गेलो. या वेळी साखरेवर बोललो नाही. तिचेच बायबल मागून घेतले, तिच्या शेजारी बसलो आणि म्हटले, ‘‘मावशी, हिज्कियाची गोष्ट काढून दे ना.’’ तिने चष्मा न लावताच अध्याय काढून दिला. मी वाचू लागलो. पोटिसापाशी आलो तेव्हा तिने हाताने थांबवले. ‘‘अंजीर?’’ तिने विचारले. कितीदा वाचलेला अध्याय, पण त्या अंजिरांपाशी ती कधी थांबलीच नव्हती. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग तिने मला विचारले की त्या सभेत प्रार्थनेने बरी झालेली बाई मी डोळ्यांनी पाहिली, ते खोटे होते का?

मला उत्तर आले नाही, आणि नाही आले असे मी तिला सांगितले. खोटे होते असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. देव कोणाला कसा बरे करतो हे मला माहीत नाही. एवढेच माहीत आहे की हिज्कियाला त्याने प्रार्थनेबरोबर अंजीरही दिले. मावशीला ते उत्तर पुरेसे वाटले की नाही, कळले नाही. पण आताशा ती सकाळी आधी प्रार्थना करते आणि मग सुनेपुढे दंड धरते. सुनेने सांगितले की इन्सुलिनच्या बाटलीवरही ती हात ठेवून आशीर्वाद मागते. प्रार्थनासभेला अजूनही जाते. मीही तिला जाऊ नको म्हणत नाही.

मराठीत ‘विचारपूस’ हा एक चांगला शब्द आहे. आजारी माणसाकडे आपण विचारपूस करायला जातो. त्या विचारण्यात संशय नसतो, जिव्हाळा असतो. ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही, त्याची आपण विचारपूस करीत नाही. धर्मग्रंथाचेही तसेच आहे. त्याची विचारपूस करावी, खोदून खोदून करावी, चार जणांनी मिळून करावी. गेल्या आठवड्यात मावसभावाचा पुन्हा फोन आला. ते बाहेरगावचे उपदेशक परत येणार आहेत म्हणे. या वेळी मावशीने ठरवले आहे की सभा संपल्यावर पुढे जायचे, बायबल उघडायचे आणि त्यांना अंजिरांविषयी विचारायचे.